सत्तावीस टक्क्यांत आपला पाडा कुठे?

(धडगाव तालुक्याच्या मेळाव्यात फेब्रुवारी २०१० मध्ये बोललेलं. साथींनी मागितलं म्हणून लिहून दिलं आहे. मधे मधे पावरीत बोलले होते, ते इथे मराठीत आणलं.)

 

माझ्या आधी जे बोलले ते दाव्यांवर बोलले, पट्ट्यांवर बोलले. मला सांगितलं की तू विजेवर बोल, हवामानावर बोल, आणि ते कोपनहेगनला काय झालं ते पण लोकांना सांग. मी म्हटलं, मी बारावी झालेली पोरगी, कोपनहेगन मी नकाशात शोधलं तेव्हा मला सापडलं. पण विचार केला तेव्हा लक्षात आलं की दावा आणि वीज हे दोन विषय नाहीतच. आमच्या पाड्यावर गेल्या महिन्यात जे झालं त्यावरून कळलं. ते आधी सांगते. त्यात माझी स्वतःची चूक आहे, म्हणून पहिल्यांदाच सांगून मोकळी होते.

आमचा पाडा पठारावर आहे. वारा इतका की उन्हाळ्यात घरावरचं गवत दोनदा शाकारावं लागतं. जानेवारीत मोटारसायकलवर दोन जण आले. बोलायला गोड. म्हणाले, वारा मोजायचं यंत्र लावायचं आहे, पुढे पवनचक्की येईल, रस्ता होईल, पोरांना काम मिळेल. त्यांच्याकडे कागद होता. कारभाऱ्यांनी मला घरून बोलावलं, कारण पाड्यात मराठी सरळ वाचणारी मीच. मी उभ्या उभ्या वाचलं. रस्ता, दिवे, रोजगार, गावाचं सहकार्य, असं सगळं त्यात होतं. मी लोकांना सांगितलं की रस्त्याचा कागद आहे, चांगला आहे. शाईचा पॅड निघाला. अठरा अंगठे झाले.

तेवढ्यात माझी काकू म्हणाली, "मागचं पान का नाही वाचलं?" काकूला एक अक्षर येत नाही. पण कागदाला टाचणी आहे आणि खाली दुसरं पान आहे हे तिला दिसत होतं. मला शिकलेलीला नाही दिसलं. मी पान उलटलं. तिथे लिहिलेलं होतं की अमुक कंपार्टमेंटमधील वनजमिनीवर ग्रामस्थांचा कोणताही दावा अथवा हरकत नाही. आणि तो कंपार्टमेंट नंबर मला तोंडपाठ होता. माझ्या बापाच्या वनहक्क दाव्यावर मीच माझ्या हाताने तो लिहिला होता, दीड वर्षापूर्वी. तो दावा अजून प्रांत ऑफिसला पडून आहे.

मोटारसायकलवाला म्हणाला, ताई ती नुसती फॉर्मॅलिटी आहे. काकाने कागद धोतराच्या सोग्यात खोचला आणि सोडला नाही. तो कागद आज आमच्याकडे आहे. होळीनंतर आमच्या ग्रामसभेत त्याच्यावर चर्चा आहे. त्याच्याबद्दल शेवटी बोलते.

आता त्या दोघांना कोणी पाठवलं? कंपनीने, हे तर खरं. पण कंपनीला आपल्या पठाराची आठवण आत्ताच का झाली? वारा तर याहा मोगीच्या काळापासून वाहतोय.

ऐका. कोळसा जाळला, डिझेल जाळलं की धूर होतो, त्यात एक वायू असतो, तो वर साठतो आणि पृथ्वी तापते. हा धूर आपण केलेला नाही. आपल्या चुलीचा धूर आपल्याच डोळ्यात जातो. हा धूर केला श्रीमंत देशांनी, दीडशे-दोनशे वर्षं. १९९७ साली जपानच्या क्योटो शहरात करार झाला की श्रीमंत देशांनी आपला धूर कमी करायचा. त्यात एक वाट ठेवली. स्वतःच्या देशात कमी करणं जड जात असेल तर गरीब देशात कोणी स्वच्छ विजेचा प्रकल्प करेल, त्याने जेवढा धूर वाचला त्याची टनावर मोजणी करायची आणि ते टन विकत घ्यायचे. याला कार्बन क्रेडिट म्हणतात. म्हणजे पवनचक्कीवाल्याला दोनदा पैसे मिळतात. एकदा वीज विकून, एकदा न झालेला धूर विकून. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ऑफिसातल्या साथीला विचारलं, न झालेली वस्तू विकता येते तर आपण न तोडलेलं जंगल का नाही विकत? तो हसला. पण थांबा, तेही येतंय, सांगते.

गेल्या डिसेंबरात कोपनहेगनला सगळ्या देशांचे मोठे लोक जमले, ७ तारखेपासून १८ तारखेपर्यंत. पक्का करार झाला नाही. पण आपल्या सरकारने तिथे सांगितलं की उत्पन्नाच्या मानाने आम्ही जेवढा धूर सोडतो तो २०२० पर्यंत २००५ च्या तुलनेत २० ते २५ टक्के कमी करू. त्याआधी २००८ च्या जूनमध्ये दिल्लीने हवामानाचा राष्ट्रीय आराखडा काढला. त्यात आठ मिशन आहेत. एक सूर्याचं आहे, ते याच जानेवारीत सुरू झालं, २०२२ पर्यंत २० हजार मेगावॉट. आणि एक हरित भारत आहे. आराखड्यात लिहिलंय, ६० लाख हेक्टरवर झाडं लावायची. कुठली जमीन? उजाड वनजमीन. कोणाकडून लावून घेणार? संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडून. ग्रामसभा लिहिलेलं नाही, समिती लिहिलंय, आणि त्या समितीत नाकेदाराशिवाय पान हलत नाही हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. उजाड वनजमीन म्हणजे काय हे नाकेदाराला विचारा. तो तुमच्या ज्वारीच्या शेताकडे बोट करेल.

म्हणून बघा, हवामान वाचवायचं काम दिल्ली, मुंबई, कंपन्या आणि परदेश मिळून करणार आहेत. चांगली गोष्ट आहे. पाऊस आता भरवशाचा राहिलेला नाही, त्याचा मार सगळ्यात आधी आपल्यालाच. मी या कामाच्या विरोधात नाही. पण पवनचक्कीला जमीन लागते, झाडांना जमीन लागते, धरणाला जमीन लागते. आणि ती जमीन दर वेळी तीच निघते, जिच्यावर आपला दावा पडून आहे.

काही साथी म्हणतील की ही नवी गोष्ट आहे, वाट बघू. नवी नाही. सरकारं एकत्र येऊन वीज वाटून घेतात तेव्हा काय होतं हे या तालुक्याइतकं कोणाला माहीत आहे?

१९६९ साली नर्मदेच्या पाण्याच्या भांडणासाठी लवाद बसला. दहा वर्षं चालला. १९७९ च्या डिसेंबरात निवाडा आला. मी तेव्हा जन्मले पण नव्हते. मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, राजस्थान, चार राज्यं. पाणी वाटलं. २८० लाख एकर-फूट धरलं, त्यातलं मध्य प्रदेशला १८२.५, गुजरातला ९०, राजस्थानला ५, महाराष्ट्राला अडीच. मग सरदार सरोवराची वीज वाटली. मध्य प्रदेशला ५७ टक्के, महाराष्ट्राला २७, गुजरातला १६. विजेचा खर्चही त्याच हिशेबाने. सगळा हिशेब ठेवायला १९८० साली नर्मदा नियंत्रण प्राधिकरण झालं, त्याचं ऑफिस इंदूरला. त्यात केंद्राचे अधिकारी आहेत, चारही राज्यांचे आहेत. मणिबेलीचा कारभारी तिथे सभासद नाही. कोणत्याच गावाचा नाही.

मी खोटं बोलणार नाही, निवाड्यात आपल्यासाठीही लिहिलं होतं. ज्याची जमीन जाईल त्याला कमीत कमी २ हेक्टर जमीन द्यायची. बुडवण्याच्या आधी वसवायचं, नंतर नाही. या दोन ओळींच्या जोरावर आपल्या मोठ्या माणसांनी पंचवीस वर्षं लढाई केली. पण त्या ओळी कोणासाठी होत्या? सातबारा ज्याच्या नावावर त्याच्यासाठी. जो बापजाद्यांपासून जंगलजमीन खेडतो, ज्याच्या हातात फक्त दंडाची पावती, त्याला "मी पण आहे" हे सिद्ध करायला वेगळं भांडावं लागलं. महाराष्ट्राची ३३ गावं, सगळी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीची. या गावांना वसवायला तळोद्याचं सुमारे ४२०० हेक्टर जंगल तोडून दिलं, १९९० पासून. त्या जंगलात आधीच खेडणारे कोण होते? आपलेच. म्हणजे एका आदिवासीला वसवायला दुसऱ्याला उठवायचं, आणि दोघांनी आपसात मारामारी करायची. ते दिवस इथल्या पुष्कळांनी पाहिलेत, मी वाढवून सांगत नाही.

आता २७ टक्के म्हणजे किती ते मी वहीत काढलं. नदीतलं वीजघर १२०० मेगावॉटचं, कालव्याच्या तोंडावरचं २५० चं. दोन्ही मिळून १४५०. त्याचे २७ टक्के म्हणजे ३९१ मेगावॉट आणि वर अर्धा. किलोवॉटमध्ये ३ लाख ९१ हजार ५००. मशीनच्या ताकदीचा हा आकडा, रोज तेवढी वीज निघते असं नाही, पाणी असेल तशी निघते. पण कागदावर महाराष्ट्राची वाटणी एवढी.

हा आकडा लक्षात ठेवा आणि बिलगावला चला.

बिलगाव माझ्या मामाचं गाव. तिथे उदई नदीचा धबधबा आहे, होळीच्या दिवसांतही पाणी पडताना मी पाहिलंय. केरळहून पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे इंजिनियर आले. तरुण पोरं होती. त्यांना पावरी येत नव्हती, मराठी पण धड नाही, आणि आपल्याला मल्याळम कुठून येणार. हाताने बोलायचे. त्यांनी आधी डोमखेडीला झऱ्यावर छोटं मशीन बसवून दाखवलं होतं, ते पुढे डुबीत गेलं. बिलगावला मोठं करायचं ठरलं. वरती बंधारा, तिथून चारी, मग पाईपातून पाणी खाली मशीनवर. लोकांनी श्रमदान केलं. मामा दगड वाहायला जायचा, मामी वाळू. जीवनशाळेची पोरं पण. २००३ च्या जानेवारीत लाईट आली. १५ किलोवॉट.

मी तेव्हा पंधरा वर्षांची, आश्रमशाळेत होते, सुट्टीत मामाकडे गेले. मी शाळेत लाईट पाहिलेली होती, मला नवल नव्हतं. मला नवल वाटलं ते मामीचं. ती रात्री जेवण झाल्यावर दिव्याखाली धान्य निवडत बसली होती. नुसती बसली होती, घाई नाही. चिमणीच्या उजेडात निवडलं तर खडे राहतात आणि रॉकेल जळतं म्हणून बायका अंधार पडायच्या आत सगळं उरकायला धावतात, हे तुम्हाला माहीतच आहे. त्या रात्री ती धावत नव्हती.

त्यात भांडणं नव्हती असं नाही. कोणाच्या घरी दोन दिवे, कोणाकडे एक. मशीन कोण सांभाळणार, पैसे कोण काढणार. असल्या छोट्या मशीनला उन्हाळ्यात पाणी कमी पडतं, बल्ब लाल होतो. पण भांडण गावातच सुटायचं, कारण मशीन गावाचं होतं. कोणाला अर्ज लिहायला लागायचा नाही. त्या मशीनला कोणाची जमीन गेली नाही, एकही घर उठलं नाही. धूर तर नव्हताच. कोपनहेगनवाले जे म्हणतात ना की सरकारने, जाणकारांनी आणि लोकांनी मिळून स्वच्छ वीज करावी, ते इथे झालं होतं. फक्त सरकार कमी होतं.

मग सरकार आलं. २००६ च्या मार्चमध्ये धरणाची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटर करायला परवानगी मिळाली. त्याच पावसाळ्यात नर्मदेचं पाणी उदईत उलटं चढलं. बंधारा, मशीनघर, सगळं पाण्याखाली गेलं, वर गाळ. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. मामा म्हणाला, पाणी उतरल्यावर बघू. उतरल्यावर जे दिसलं ते बघण्यासारखं नव्हतं.

आता वहीतला आकडा काढा. ३ लाख ९१ हजार ५०० भागिले १५. उत्तर २६ हजार १००. महाराष्ट्राला कागदावर २६ हजार १०० बिलगाव मिळाली आणि जे एक खरंखुरं होतं ते बुडालं. आणि त्या २६ हजारांतलं एक तरी नर्मदाकाठच्या कोणत्या पाड्यावर आलं का ते तुम्हीच सांगा. वीज इकडून निघाली, तारेवरून लांब गेली. सरकारी हिशेबात शंभर घरांच्या गावात दहा घरांना दिवा लागला, शाळा-दवाखान्याला लाईट मिळाली की ते गाव विजेचं झालं असं लिहितात. २००४ पासून तसा नियमच आहे, दहा टक्के. म्हणून कधी कधी साहेब म्हणतो, तुमच्या गावात वीज आहे, आणि आपण अंधारात उभं राहून त्याच्याकडे बघतो.

मी हे रडगाणं म्हणून सांगत नाही. मला त्यातून एक गोष्ट कळली ती सांगायची आहे. १९७९ च्या वाटणीत आपल्याला टक्का का नाही मिळाला? लवादाचे लोक वाईट होते म्हणून नव्हे. टक्का त्याला मिळतो जो भांडणात पक्ष असतो. चार राज्यं पक्ष होती. आपण पक्ष नव्हतो. आपण त्यांच्या कागदात "बाधित" होतो. पक्ष असेल तर विचारतात किती पाहिजे. बाधिताला विचारतात कुठे जाशील. आणि पक्ष व्हायला पहिली गोष्ट लागते ती ही, की जमीन आणि जंगल आपलं आहे असं कुठेतरी लिहिलेलं पाहिजे. तेव्हा ते लिहायची सोय नव्हती. आता आहे.

२००६ च्या डिसेंबरात वनहक्क कायदा झाला. २००८ च्या १ जानेवारीला नियम आले. त्याच्यावर साथी सविस्तर बोलले, मी फक्त विजेपुरतं बोलते. माझ्याकडे कायद्याची मराठी प्रत आहे, कोपरे फाटलेत, पण आहे.

कलम ३, पोटकलम २ बघा. गावासाठी तेरा सोयी सांगितल्यात ज्यांच्यासाठी वनजमीन देता येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या तारा, पाणी, रस्ता. त्यातच एक आहे अपारंपरिक ऊर्जा. म्हणजे झऱ्यावरची वीज, सूर्याची, वाऱ्याची. अट काय? एका कामाला १ हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ झाडांपेक्षा जास्त तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. ही ओळ वाचली तेव्हा मी दोनदा वाचली. आपल्याला बिलगाव पुन्हा करायचं असेल तर कायद्यात जागा आहे, आणि तिची किल्ली ग्रामसभेकडे आहे. २००३ च्या वीज कायद्यातही गावखेड्यात छोटी वीज करून वाटायला लायसन लागत नाही, सरकारने ग्रामीण म्हणून जाहीर केलेल्या भागात. मग अडतं कुठे? आपण मागत नाही तिथे. आपण वीज मंडळाकडे खांब मागतो, खांब येत नाही, मग पुढच्या निवडणुकीत परत मागतो.

आणि मोठ्या प्रकल्पासाठी वनजमीन जाणार असेल तर? गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढलंय. वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायचा प्रस्ताव आला तर आधी तिथले वनहक्काचे दावे पुरे झालेले पाहिजेत, आणि त्या त्या ग्रामसभेचा ठराव जोडलेला पाहिजे. आता तुम्हाला कळलं त्या मोटारसायकलवाल्याला आमचे अंगठे कशाला पाहिजे होते. त्याला रस्ता करायचा नव्हता. त्याला "दावा नाही" हे दोन शब्द पाहिजे होते. माझ्या बापाचा दावा प्रांत ऑफिसात जिवंत आणि माझ्याच तोंडून पाड्याला वाचून दाखवलं की दावा नाही. झोप लागली नाही मला दोन दिवस.

कार्बन क्रेडिट मागायचं असेल तर कंपनीला आणखी एक कागद लागतो, स्थानिक लोकांशी बैठक घेऊन चर्चा केली असा. तोही प्रस्तावात जोडायचा असतो. तेव्हा तुमच्या पाड्यावर कोणी चहा-बिस्किट घेऊन आला आणि फोटो काढून गेला तर तो फोटो कुठे जातो ते आता लक्षात घ्या. मी साक्रीकडे एका लग्नाला गेले होते, ब्राह्मणवेलच्या बाजूला. डोंगरावर पवनचक्क्या बघून डोळे फिरतात. मोठ्या पवनचक्क्या एकेक हजार किलोवॉटच्या पुढच्या असतात, म्हणजे एका पातीच्या झाडात साठ-सत्तर बिलगाव. रात्री त्यांच्या डोक्यावर लाल दिवा लुकलुकतो. मी ज्यांच्या घरी उतरले होते त्यांच्याकडे त्या रात्री चिमणी होती. घरधनी म्हणाला, आधी रखवालदाराचं काम मिळालं होतं, मग बंद झालं. त्यांच्या शेताचा दावा? म्हणाला, केलाय, काही कळत नाही.

आमच्या पाड्यातली पोरं मला म्हणतात, तू पवनचक्की अडवतेस, आम्हाला काम मिळणार होतं. माझा चुलतभाऊ दर वर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातो, त्याला पठारावरच काम मिळालं तर मी का अडवू? मी त्याला म्हटलं, मी पवनचक्की अडवत नाही, मी दुसरं पान अडवते. त्याला राग आहेच. असू द्या. ग्रामसभेत त्याने बोलावं, माझ्यासमोर बोलावं. मी तर म्हणते, ग्रामसभेने मनात घेतलं तर पवनचक्कीला हो म्हणावं. पण दावे मंजूर झाल्यावर म्हणावं, पक्ष म्हणून म्हणावं. मग विचारता येईल की आमच्या पाड्याला वीज किती, किती वर्षं, कोणत्या भावाने. कार्बनच्या पैशातला वाटा किती. चक्कीखालची जमीन खेडता येईल की तारेचं कुंपण येईल. मशीन म्हातारं झालं की खांब कोण उचलणार. नर्मदेच्या वाटणीत राज्यांनी हेच प्रश्न विचारले होते, त्यांना कोणी विकासविरोधी म्हटलं नाही. ग्रामसभेने विचारलं की म्हणतात.

गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला गेल्या वर्षी सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गोंड लोकांचं गाव आहे, आपल्यापेक्षा काही मोठं नाही. त्यांच्या जंगलाबद्दल आता कोणालाही बोलायचं असेल तर गावाशी बोलावं लागेल. आपण जास्त करून एकेकट्याचे दावे भरले, आपापल्या शेताचे. सामूहिक दावा भरायचा राहून गेला बऱ्याच पाड्यांवर, आमच्याही. फॉर्म वेगळा आहे, तो आला होता, आम्ही बाजूला ठेवला. ही चूक सगळ्यांची आहे. चक्की येईल ती शेतात नाही, टेकडीच्या माथ्यावर येईल, चराऊ जमिनीवर, जिथे कोणाचं एकट्याचं शेत नाही. झरा पण कोणाच्या एकट्याच्या शेतात नसतो. म्हणून सामूहिक दावा या वेळी करायचाच आहे, शेताच्या दाव्यांइतकाच.

आता होळीनंतरचं सांगते. आमची ग्रामसभा गावची नाही, पाड्याची घ्यायची असं ठरलंय, आपला भाग पाचव्या अनुसूचीतला आहे, तो हक्क आहे. वनहक्काच्या ग्रामसभेला दोन तृतीयांश माणसं लागतात. आमच्या पाड्यात हिशेबाने एकशे चार मोठी माणसं आहेत, म्हणजे सत्तर यायला पाहिजेत. होळीनंतर अर्धी गुजरातेत असतात. म्हणून काठीची होळी झाली की लगेच, लोक परत जायच्या आत घ्यायची. बायकांनी पुढे बसायचं, काकू आधीच बसणार आहे.

ज्या पाड्यांवर असा कागद आला असेल त्यांनी तो घेऊन ऑफिसात या. अंगठे झाले असतील तरी या, घाबरू नका, ग्रामसभा झालेली नसेल तर तो ग्रामसभेचा ठराव होत नाही, आणि तसं लिहून प्रांताला, कलेक्टरला द्यायचं आहे, पोच घेऊन. येताना दंडाच्या पावत्या आणा, जुन्या असतील तितक्या चांगल्या, ज्यांच्याकडे दाव्याची पोच असेल त्यांनी पोच आणा. ज्या पाड्यावर बारमाही झरा आहे त्यांनी तेही सांगा, किती उंचीवरून पडतो, मेमध्ये किती धार राहते. मी वहीत लिहून घेते आहे. आतापर्यंत सात पाड्यांनी सांगितलंय.

वाचायला कोणी नसेल तर मला बोलवा, मी येईन. दोन्ही पानं वाचीन.

जिंदाबाद!